दुर्बिणीला कोणता आयपीस लावावा?

दुर्बीण घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, "ही किती पट मोठे दाखवते?" दुकानदारही याच प्रश्नाची वाट पाहत असतो. तो खोके फिरवून पुढे करतो. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र असते आणि ठळक अंकांत छापलेले असते : ५२५ पट. शंभर पट दाखवणाऱ्या शेजारच्या दुर्बिणीपेक्षा ही पाचपट चांगली, असा हिशोब गिऱ्हाईक मनातल्या मनात करते आणि पैसे मोजून मोकळे होते. पुढे चार रात्री गच्चीवर झटापट होते, थरथरणाऱ्या धुरकट डागाखेरीज काही दिसत नाही, आणि ती दुर्बीण माळ्यावर जाऊन बसते. आमच्या सभासदांच्या घरांत अशा माळ्यावर गेलेल्या दुर्बिणी मी पाहिल्या आहेत. एकाने तर बोनसचे पैसे त्यात घातले होते. मुलाला आकाश दाखवावे म्हणून घेतलेली वस्तू; मुलाने निष्कर्ष काढला की आकाशात पाहण्यासारखे काही नाही. पैशांपेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा कामगार कायद्यावर काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय वर्षभर चालूच असतो. मी नोकरीला लागलो तो फिटर म्हणून. भिंगांचे गणित शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि युनियनच्या कचेरीच्या गच्चीवर. त्या गच्चीवर आमची सहा इंची आरशाची एक दुर्बीण आहे. पुढचा सगळा हिशोब तिच्याच मापांवर करतो, म्हणजे बोलणे अधांतरी राहणार नाही. आरशाचा व्यास १५० मि.मी. आणि नाभीय अंतर १२०० मि.मी. हे दोन आकडे तेवढे ध्यानात ठेवावेत.

प्रथम आयपीस म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात त्याला नेत्रिका म्हणतात. दुर्बिणीतला आरसा, किंवा भिंगाची दुर्बीण असेल तर पुढचे मोठे भिंग, आकाशातल्या वस्तूची एक लहानशी प्रतिमा नळीत तयार करते. आमच्या आरशाने केलेली चंद्राची प्रतिमा साधारण साडेदहा मिलिमीटरांची, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढी भरते. गुरूची प्रतिमा पाव मिलिमीटरच्या आसपास. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळाचे यंत्र पाहतो ना, तसे या प्रतिमेकडे पाहावयाचे भिंग म्हणजे आयपीस. आयपीसवर कोरलेला २५, १२, ६ हा आकडा त्याच्या नाभीय अंतराचा असतो. आरशाच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले की किती पट ते निघते. १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट. १२ चा लावला तर १०० पट, ६ चा लावला तर २०० पट. आकडा लहान तितके चित्र मोठे. तेव्हा दुर्बिणीला स्वतःची अशी ठराविक पट नसतेच. आयपीस बदलला की ती बदलते.

आता खोक्यावरचे ५२५ कोठून येतात तेही पाहा. पुढचे भिंग ६० मि.मी. चे, नाभीय अंतर ७०० मि.मी. आणि आयपीस ४ मि.मी. चा, झाले १७५ पट. त्यात आयपीसच्या अलीकडे तिप्पट करणारे एक अंतर्गोल भिंग बसवावयाचे, ज्याला बार्लो भिंग म्हणतात. १७५ ची तिप्पट ५२५. भागाकार बरोबर आहे, गुणाकारही बरोबर आहे. ग्राहक मंचाकडे तक्रार नेली तर दुकानदार पाटीवर गणित मांडून दाखवील. मग घोटाळा कोठे आहे?

घोटाळा प्रकाशाच्या वाटणीत आहे. दुर्बिणीत किती प्रकाश शिरावयाचा हे आरशाच्या व्यासाने एकदाच ठरून जाते. आयपीस त्यात कणभरही भर घालीत नाही. युनियनच्या लोकांना हे चटकन समजते : बोनसची एकूण रक्कम ठरली, मग डोकी वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. घरातले उदाहरण हवे असेल तर एक चमचा तूप घ्या. तेच तूप लहान भाकरीवरही पसरता येते आणि परातीएवढ्या भाकरीवरही. आणि येथे लांबी व रुंदी दोन्ही वाढतात हे विसरू नये. २५ चा आयपीस काढून ६ चा लावला की चित्र चौपट मोठे होते, पण त्याची जागा सोळापट होते; म्हणून त्याचे तेज सोळाव्या हिश्श्यावर येते. चंद्राला हे परवडते, कारण चंद्राजवळ प्रकाश उदंड आहे. मृगातल्या तेजोमेघाला परवडत नाही.

हा वाटा मोजण्याची एक सोपी रीत आहे. दिवसाउजेडी दुर्बीण सूर्यापासून पार दूर, मोकळ्या आभाळाकडे करावी आणि आयपीसपासून वीतभर मागे डोळा ठेवून पाहावे. आयपीसच्या काचेवर तरंगणारी एक लहान उजळ चकती दिसेल. दुर्बिणीतला सारा प्रकाश त्या चकतीतून बाहेर पडतो आणि तेथे डोळ्याची बाहुली आणावी लागते. चकतीचे माप म्हणजे आरशाचा व्यास भागिले पट. आमच्या दुर्बिणीत २५ च्या आयपीसने ती ३ मि.मी. ची होते, १२ च्याने दीड मिलिमीटरची, ६ च्याने पाऊण मिलिमीटरची. आता आपल्या बाहुलीचा विचार करा. तरुणाची बाहुली पुऱ्या काळोखात ७ मि.मी. पर्यंत उघडते, पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्याची बहुधा ५ च्या आसपासच थांबते. चकती बाहुलीपेक्षा मोठी झाली तर कडेचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. उलट ती अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की चित्र मंद होते आणि आपल्याच डोळ्यातले तरंगते कण, जाळ्या त्यात फिरताना दिसू लागतात. मग मनुष्य शनीऐवजी स्वतःचा डोळा पाहत बसतो!

यातूनच माप निवडण्याची किल्ली मिळते. नाभीय अंतराला व्यासाने भागावे. आमचे १२०० भागिले १५०, म्हणजे ८. जितका हा आकडा, तितक्या मिलिमीटरच्या आयपीसने चकती बरोबर १ मि.मी. ची होते. आमच्या दुर्बिणीला ८ मि.मी. चा आयपीस हा मधला खांब समजावा. त्याच्या निम्म्याखाली, म्हणजे ४ च्या खाली कधी उतरू नये. आणि पाचपटीच्या वर, म्हणजे ४० च्या वर चढू नये. ज्यांची दुर्बीण आखूड आहे, समजा भागाकार ५ येतो, त्यांच्यासाठी हा खांब ५ वर येतो आणि वरची मर्यादा २५ वर. शेजाऱ्याने ४० चा घेतला म्हणून आपणही घ्यावा, असे येथे चालत नाही. आयपीस चांगला की वाईट हे दुर्बीण समोर ठेवल्याखेरीज सांगताच येत नाही. विकणाऱ्याने आपल्या दुर्बिणीचे हे दोन आकडे विचारले नाहीत, तर त्याच्या सल्ल्यावर फार विसंबू नये.

खालची मर्यादा केवळ प्रकाशाची नाही, बारकाव्याचीही आहे. प्रकाश हा लहरींचा असल्यामुळे कितीही उत्तम आरसा घेतला तरी ताऱ्याची प्रतिमा बिंदू न होता एक इवलीशी टिकली होते आणि ती टिकली व्यासावर अवलंबून असते. सहा इंची आरसा एकमेकांपासून सुमारे पाऊण विकला अंतरावरचे दोन तारे वेगळे दाखवू शकतो. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे विकला. आपल्या डोळ्याला दोन ठिपके आरामात वेगळे दिसावयाचे तर त्यांच्यात सुमारे १२० विकलांचे अंतर लागते. पाऊण विकला १५० पट केली की ११०-११५ विकला होतात. म्हणजे दीडशे पटीला आरशाने दिलेले जवळजवळ सारे काही डोळ्याला मिळालेले असते. पुढे तीनशेपर्यंत गेले तर तेच थोडे ऐसपैस दिसते, नवीन काही दिसत नाही. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले तर माणसाचा चेहरा अधिक स्पष्ट होत नाही, छपाईचे ठिपके मोठे होतात, तसेच हे. व्यासाच्या मिलिमीटरला दोन पट ही कमाल, असा नियम आकाशदर्शक मंडळी सांगतात तो यातूनच आलेला आहे. आमची कमाल ३०० आणि त्या खोक्यातल्या साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीची १२०. पाचशे पंचवीसचा निकाल येथे लागला.

तीनशेही क्वचितच मिळतात, कारण मध्ये हवा आहे. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची आणि शेजारच्या शेडचे पत्रे रात्री दहापर्यंत ऊब सोडत असतात. त्या उबेच्या लाटांतून पाहिलेला गुरू तापलेल्या तव्यापलीकडच्या वस्तूसारखा लहरतो. पट वाढविली की लहरणेही तितकेच वाढते. ज्या रात्री तारे फार लुकलुकतात त्या रात्री ६ चा आयपीस डबीतच राहू द्यावा. दुर्बीणही अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवावी, म्हणजे आरसा निवतो. हे एवढे केल्याने जो फरक पडतो तो नवा महागडा आयपीस घेऊनही पडत नाही.

कमी पटीत काय दिसणार, असे ज्यांना वाटते त्यांनी थोडा इतिहास पाहावा. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीने. ख्रिस्तियान हायगेन्सला १६५५ साली शनीचा चंद्र टायटन सापडला तेव्हा त्याची दुर्बीण होती सुमारे पन्नास पटीची. आणखी एक हिशोब सांगतो, लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची चकती साधारण ४५ विकलांची असते. ती चाळीस पट केली की १८०० विकला, म्हणजे अर्धा अंश होते. नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र एवढाच दिसतो! चाळीस पटीतून गुरू पाहणारा मनुष्य "केवढासा दिसतो" म्हणून नाक मुरडतो, तेव्हा तो चंद्राएवढा गुरू पाहत असतो. भोवती विस्तीर्ण काळे आकाश असल्यामुळे डोळा फसतो, इतकेच.

आता कोणत्या वस्तूला कोणता आयपीस, ते आमच्या दुर्बिणीपुरते सांगतो. वसंतातल्या रात्री, एप्रिल-मे महिन्यांत, दक्षिणेकडे क्षितिजाच्या फारसा वर नसलेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोल तारकागुच्छ आपल्याकडून दिसतो. लंडन-बर्लिनच्या लोकांच्या तो क्षितिजावर येतच नाही; आपल्याला मिळालेले हे धन आपण सहसा पाहत नाही. तो शोधावा २५ च्या आयपीसने. आमच्या २५ च्या आयपीसमध्ये आकाशाचा सुमारे एक अंश मावतो, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवण्याइतका, आणि गुच्छ त्यात भोवतालच्या काळोखासह नीट बसतो. सापडल्यावर मात्र १२ चा लावून पाहावा. येथे एक मौज होते. पट वाढली की आकाशाची पांढुरकी पार्श्वभूमी काळवंडते, पण तारे हे बिंदूच असल्याने तितके मंद होत नाहीत. मघाचा धुरकट गोळा रवाळ होऊन त्यातले दाणे सुटे दिसू लागतात. शहरातल्या दिव्यांनी उजळलेल्या आभाळाखाली हा उपाय फार कामी येतो. कृत्तिकांचे ठळक तारे २५ मध्ये काठोकाठ बसतात, ३२ मध्ये त्यांच्या भोवती थोडे आकाश उरते आणि पुंजका पुंजक्यासारखा दिसतो. १२ लावला की त्याचे तुकडे पडतात. देवयानीतली दीर्घिका आणि तेजोमेघ यांना ३२ किंवा २५. शनीची कडी ४८ पटीत निःसंशय दिसते, १०० मध्ये सुंदर दिसते, आणि हवा निवांत असेल त्या रात्री २०० मध्ये कड्यातली काळी फट दिसू शकते. चंद्राला सगळेच चालते.

आम्हाला या सगळ्यांपेक्षा वेगळी एक अडचण आहे, ती रांगेची. गच्चीवर पन्नास-साठ माणसे येतात : कामगार, त्यांच्या घरची मंडळी, पोरेबाळे. दुर्बिणीला फिरवणारी मोटर नाही. लाकडी बैठकीवर ती हाताने ढकलावी लागते. ही बैठक जॉन डॉब्सन यांच्या पद्धतीची. हे गृहस्थ रामकृष्ण मठाच्या परंपरेतले संन्यासी होते, आणि १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवणाऱ्यांची संघटना त्यांनी उभी केली. आमच्यासारख्यांचे ते पूर्वजच म्हणावयाचे. तर, पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला पंधरा अंश सरकते, म्हणजे एक अंश चार मिनिटांत. २५ च्या आयपीसमध्ये ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावयास चार मिनिटे लागतात, १२ मध्ये दोन, ६ मध्ये एक. मध्यावर आणून ठेवलेल्या ग्रहाला त्याच्या निम्माच वेळ मिळतो. सहाचा आयपीस लावला आणि साठीच्या मावशी वाकून, पदर सावरून, डोळा लावीपर्यंत शनी निघून गेलेला असतो. "काही दिसत नाही" असे म्हणावयासही त्या संकोचतात. दिसले म्हणतात आणि बाजूला होतात. म्हणून रांग असेल तेव्हा आम्ही १२ च्या खाली जात नाही. दोन-चार जाणकारांना चार बारकावे कमी दिसले तरी चालतील. मावशींना शनी दिसला पाहिजे.

चष्म्याचा प्रश्न रांगेत हमखास निघतो. ज्यांना नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर आहे त्यांनी चष्मा काढून पाहावे. फोकसची मळसूत्री थोडी फिरविली की काम होते. मात्र पुढच्याला ती परत फिरवावी लागते, म्हणून तेथे एक माणूस उभा करावा. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना कमी पटीत तो चष्मा लागतो. जास्त पटीत, चकती दीड-दोन मिलिमीटरच्या खाली आली की, सौम्य नंबराच्या माणसाला चष्म्याशिवायही बहुधा निभावते. चष्मा ठेवून पाहावयाचे तर आयपीसच्या काचेपासून पंधरा-वीस मिलिमीटरवर डोळा ठेवता आला पाहिजे. साध्या प्लॉस्ल जातीच्या आयपीसमध्ये हे अंतर त्याच्या आकड्याच्या पाऊणपटीइतके असते. २५ मध्ये चष्मा निभावतो. ६ मध्ये पापण्या काचेला घासतात आणि पाचव्या माणसानंतर काचेवर काजळाचा थर दिसू लागतो. लांब अंतराचे खास आयपीस मिळतात. चष्मेवाल्यांनी लहान आकड्याचा घ्यावयाचा झाल्यास तोच घ्यावा.

जातींचा उल्लेख झालाच आहे, तर थोडे सांगतो. स्वस्त दुर्बिणीबरोबर येणारे हायगेन्स किंवा रॅम्सडेन धाटणीचे दोन-भिंगी आयपीस लांब नळीच्या जुन्या दुर्बिणींसाठी योजलेले. आखूड दुर्बिणीत ते कडेला रंगीत झालर दाखवितात. केल्नर १८४९ चा, तीन भिंगांचा, बरा. व्हिएन्नाच्या प्लॉस्लने १८६० साली काढलेली चार भिंगांची रचना आजही मध्यम खिशाला सर्वांत योग्य, असे माझे मत आहे. त्यापुढे ८० आणि १०० अंशांचे विस्तीर्ण दृश्य दाखविणारे आयपीस आहेत. एकेकाची किंमत आमच्या सबंध दुर्बिणीहून अधिक. कोणी पाहू दिले तर जरूर पाहावे.

घेताना नळीचा व्यास पाहावा. सव्वा इंची नळी आज सर्वमान्य आहे. जुन्या व स्वस्त दुर्बिणींना पाऊण-एक इंचाच्या दरम्यानची बारीक नळी असते आणि तिला चांगला आयपीस मिळणे कठीण. सव्वा इंची नळीत ४० चा प्लॉस्ल ३२ च्यापेक्षा जास्त आकाश दाखवीत नाही, कारण नळीचे तोंडच तेवढे. तेव्हा ३२ वर थांबावे. दुप्पट करणारे चांगले बार्लो भिंग घेतले तर प्रत्येक आयपीस दोनदा उपयोगी पडतो, पण जोडी जमवताना विचार करावा. २० आणि १० घेऊन बार्लो घेतले तर २० चा १० होतो, जो आपल्याजवळ आधीच आहे. २५ आणि १५ घेतले तर २५, १५, साडेबारा आणि साडेसात अशी चार मापे हाती येतात. एकदम संच घेऊ नये. दुर्बिणीबरोबर बहुधा २५ चा येतोच. त्यावर दोन-तीन महिने काढावेत, आपण चंद्र-ग्रह अधिक पाहतो की गुच्छ-तेजोमेघ हे कळू द्यावे, मग दुसरा घ्यावा. शक्य असेल तर घेण्याआधी दुसऱ्याचा लावून पाहावा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा मंडळींत आपला आयपीस दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत आहे. गावात मंडळ नसेल तर चौघांनी मिळून एक संच करावा. वर्गणी काढून वस्तू घेण्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र फेकून द्यावयाची आहे. स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यात आयपीसला लावावयाची एक काळी काच असते, सूर्य पाहण्यासाठी म्हणून दिलेली. आरशाने एकवटलेली सारी उष्णता तिच्यावर येते; ती तडकते, आणि तडकते त्या क्षणी डोळा तेथेच असतो. डोळा परत मिळत नाही. ती काच मुलांच्या हाती लागण्यापूर्वी हातोड्याने फोडावी. सूर्य पाहावयाचा तर दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वीच बसवावयाचा प्रमाणित पडदा लागतो, आणि शोधक दुर्बीणही झाकावी लागते.

राहिली निगा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंगांवर बुरशीचे धागे चढतात आणि एकदा चढले की काचेवरचा लेप खातात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा त्या पुड्या उन्हात किंवा तव्यावर सुकवून परत ठेवणे, एवढे पुरते. रात्री दव पडले तर आयपीस पुसू नये, आपोआप सुकू द्यावा आणि मगच डब्यात ठेवावा. धूळ असेल तर रबरी फुग्याने वारा मारून उडवावी. धोतराच्या सोग्याने, सदऱ्याच्या टोकाने किंवा रुमालाने काच पुसण्याचा मोह फार होतो. कापडात अडकलेला एक वाळूचा कण कायमची रेघ ओढून जातो. काजळ लागले तर कापसाचा बोळा भिंगे पुसण्याच्या द्रवात जेमतेम ओला करून, न दाबता, मधून कडेकडे फिरवावा आणि प्रत्येक फेरीला बोळा नवा घ्यावा.